‘फुकटचं ते कच्चं’ म्हणणाऱ्यांनी इन्फुराच्या आत काय चालतं ते पाहावं

ब्लॉकचेनमध्ये नव्याने आलेल्या मुलांना हल्ली जो तो एकच सल्ला देतो: “धंदा करायचा असेल तर पैसे भरून एपीआय घ्या, म्हणजे ब्लॉकचेनला प्रश्न विचारायची तयार सेवा. ती सेवा बंद पडत नाही, कोड बंद असल्याने सुरक्षित असते, स्वतःचा नोड, म्हणजे चेनची प्रत ठेवणारा संगणक, हा लाखांचा खेळ, आणि नाहीच पटलं तर उद्या दुसरी कंपनी आहेच. ओपन सोर्स कॉलेजच्या प्रोजेक्टपुरतं ठीक.” ऐकायला व्यवहारी वाटतं.

“बंद पडत नाही.” 11 नोव्हेंबर 2020 ला इन्फुरा, म्हणजे इथेरियम ब्लॉकचेनचा एपीआय विकणारी कंपनी, काही तास कोलमडली. मेटामास्क या क्रिप्टो वॉलेटवर लोकांना नीट आकडे दिसेनात, बायनान्स या एक्स्चेंजने ईथर (इथेरियमचं चलन) काढून घेणं थांबवलं. इथेरियम मात्र चालूच होतं. झालं होतं ते असं: इन्फुराच्या पोटात गेथच होतं, म्हणजे तुम्ही-आम्ही गिटहबवरून फुकट उतरवतो तोच, नोड चालवणारा क्लायंट. फक्त आवृत्ती जुनी. तिच्यातला एक दोष 1.9.17 या पुढच्या आवृत्तीत केव्हाच दुरुस्त झाला होता. त्या दिवशी एका व्यवहाराने नेमका त्याच दोषावर बोट ठेवलं, आणि नवे नोड एका वाटेने, जुने दुसऱ्या वाटेने गेले. गेथवाल्यांनाही मी सोडणार नाही. त्यांनी ती दुरुस्ती गुपचूप केली होती, त्यामुळे अपडेट इतकं निकडीचं आहे हे बाहेर कोणाला कळलंच नाही. पण यातून एक गोष्ट उघडी पडते: पैशाची सेवा एकीकडे आणि फुकटचं टूल दुसरीकडे, अशी फाळणी मुळात नाहीच. आपण पैसे मोजतो ते बऱ्याचदा त्याच फुकटच्या टूलची निगा राखायचे, आणि ती कधी राखायची हे मात्र आपल्या हातात नसतं.

शिवाय सेवा बंद पडायला बिघाडच लागतो असं नाही. मार्च 2022 मध्ये अमेरिकी निर्बंध पाळताना इन्फुराची सेटिंग चुकली आणि व्हेनेझुएलातल्या लोकांचं मेटामास्क चालेना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोर्नेडो कॅशवर, म्हणजे व्यवहारांचा माग पुसणाऱ्या सेवेवर, निर्बंध आले, तेव्हा इन्फुरा आणि तिच्यासारखीच कंपनी अल्केमी, दोघींनी त्याच्याकडे जाणाऱ्या विनंत्या अडवल्या. ते निर्बंध योग्य होते का, हा वेगळा वाद. आपल्या ॲपचा दरवाजा दुसऱ्याच्या कायदा विभागाकडे आहे, एवढं आधी माहीत असावं.

“बंद कोड सुरक्षित.” हे वाक्य कोणी म्हटलं की मला हसू येतं. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे चेनवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचा, बाइटकोड (यंत्राला कळणारं रूप) चेनवर सगळ्यांसमोर पडलेला असतो. चोर तो वाचणारच. तेव्हा आपण आधी वाचलेला बरा, आणि त्यासाठीची हत्यारं, स्लिदर, फाउंड्री, ओपनझेपेलिनच्या लायब्रऱ्या, सगळी खुली आहेत. अर्थात कोड उघडा आहे म्हणजे कोणी तो वाचला, असं नव्हे. पॅरिटी मल्टिसिग, म्हणजे अनेकांच्या सह्या लागणाऱ्या, वॉलेटचा कोड उघडाच होता, तरी नोव्हेंबर 2017 मध्ये एकाने त्याची लायब्ररी (सगळ्या वॉलेटांचा सामाईक कोड) नष्ट केली आणि 5 लाखांहून जास्त ईथर कायमचे अडकले. बंद एपीआयने ते वाचले असते का? नाही. तो फक्त उत्तर देतो, आणि त्या उत्तरासोबत पुरावा नसतो. ‘शिल्लक इतकी’ म्हटलं की आपण मान डोलावायची. हीलिओससारखा खुला लाइट क्लायंट (सगळी चेन न साठवणारा) निदान ते उत्तर चेनशी ताडून पाहतो. सिग्नल या मेसेजिंग ॲपचा निर्माता मॉक्सी मार्लिनस्पाइक याने बनवलेला एनएफटी (चेनवर नोंदलेली डिजिटल वस्तू) ओपनसी या बाजाराने काढून टाकला, तेव्हा तो त्याच्या वॉलेटमधूनही दिसेनासा झाला. चेनवर होता, पण वॉलेट चेनला विचारतच नव्हतं, ओपनसीच्या एपीआयला विचारत होतं.

खर्चाच्या मुद्द्यात निम्मं तथ्य आहे. इथेरियमचा साधा फुल नोड 2 टीबीची चांगली एसएसडी आणि 32 जीबी रॅम असलेल्या डेस्कटॉपवर आरामात चालतो. जुलै 2025 पासून ‘मर्ज’ या मोठ्या अपग्रेडच्या आधीचा इतिहास टाकून देता येतो, त्यामुळे 300 ते 500 जीबी जागाही वाचते. हे लाखांचं काम नव्हे. मात्र सोलाना या दुसऱ्या चेनच्या आरपीसी नोडला (ॲपच्या विनंत्यांना उत्तर देणाऱ्या) शेकडो जीबी रॅम लागते. तिथे दोन माणसांच्या कंपनीने पैसे भरून मोकळं व्हावं. आणि घरी लाइट जात असेल तर इन्व्हर्टरचाही हिशेब धरा.

“उद्या बदलू.” इथे नावं बघा. ‘ईटीएच’ने सुरू होणाऱ्या मेथड (एपीआयला विचारायचे ठरावीक प्रश्न) सगळीकडे सारख्या, ‘अल्केमी’ने सुरू होणाऱ्या फक्त अल्केमीकडे. दुसऱ्या प्रकारच्या मेथड सोयीच्या असतात, एकाच विनंतीत पत्त्याचे सगळे व्यवहार हातात देतात. म्हणूनच त्या कोडभर पसरतात. आमच्या एका कामात अशाच एका कंपनीच्या खास मेथड उपटून काढता काढता नाकी नऊ आले. तेवढ्या वेळात स्वतःचा इंडेक्सर (चेनवरचे व्यवहार शोधता येतील असे मांडणारा प्रोग्रॅम) उभा राहिला असता. पैसे जरूर भरा, पण कोड प्रमाणित मेथडवर ठेवा आणि एक नोड आपला असू द्या.

2022 मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत सुमारे 65,000 जातीचे दाखले पॉलिगॉन या चेनवर नोंदवण्याचा प्रकल्प जाहीर झाला. जातीचा दाखला नातवाच्या ॲडमिशनलाही लागतो. तोवर आजची कुठली एपीआय कंपनी कोणत्या दरात काय विकत असेल, देव जाणे. पॉलिगॉनचा बोर क्लायंट मात्र गेथवरूनच बेतलेला आहे आणि त्याचा कोड आजच उतरवून ठेवता येतो.