नऊ झाली, 391 बाकी

धाकट्या भावाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. "ताई, आज नऊ वेळा हसून झालंय. 391 बाकी."

कुणीतरी त्याला तो मेसेज पाठवला होता. तुम्हालाही आला असेलच, वर्षातून दोनदा तरी येतो. मजकूर थोडाफार बदलतो, मुद्दे तेच. लहान मूल दिवसातून 400 वेळा हसतं, मोठा माणूस जेमतेम 15 वेळा. हसायला 17 स्नायू लागतात, आठ्या घालायला 43. खोटं हसलात तरी शरीराला फरक कळत नाही, आनंदाची रसायनं तयार होतातच. एका अमेरिकी माणसाने नुसतं हसून असाध्य आजार पळवला. 15 मिनिटं हसलं की आयुष्य दोन दिवसांनी वाढतं. हसण्याचं वरदान फक्त माणसाला मिळालंय. आनंद हा तुमचा निर्णय आहे. दहा जणांना पाठवा.

हसलं की भावाचे टाके ओढत होते. त्यामुळे त्याचा हिशेब गमतीचा असला तरी मला राग आला, आणि मी तो मेसेज ओळीने तपासायला घेतला.

पहिलं वाक्य साध्या भागाकारातच गळतं. मूल बारा तास जागं असतं असं धरा. 400 भागिले 12, म्हणजे तासाला 33. दर दोन मिनिटांच्या आत एक हसू, तेही जेवताना, रुसताना, रडताना, भिंतीवर रेघोट्या ओढताना न चुकता. एखादं मूल ज्याने सकाळपासून रात्रीपर्यंत सांभाळलं असेल त्याने यावर मत द्यावं. शिवाय मुलांमागे वही घेऊन कोण फिरलं, आणि सलग खिदळणं एक धरलं की दहा, हे मेसेज सांगत नाही. मोठ्यांच्या बाबतीत मात्र खरोखर मोजणी झालेली आहे. कॅनडातल्या रॉड मार्टिन आणि निकोलस कुइपर यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 80 प्रौढांनी तीन दिवस स्वतःच्या हसण्याची नोंद ठेवली. सरासरी निघाली दिवसाला 17-18. म्हणजे मेसेजमधला 15 चा आकडा फारसा चुकीचा नाही. पण या नोंदी ज्याच्या त्याने ठेवलेल्या, आणि आपण कधी हसतो हे आपल्याला फारसं कळतच नाही.

हे अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी फार छान दाखवलं. लोकांना प्रयोगशाळेत बसवून विनोदी फिल्म दाखवली की ते हसेनात, म्हणून हा माणूस आणि त्याचे विद्यार्थी सरळ बाहेर पडले. मॉलमध्ये, कॉलेजच्या आवारात चोरून कान देत त्यांनी 1,200 हसण्यांची नोंद केली: कोण बोललं, काय बोललं, कोण हसलं. विनोद म्हणता येईल असं काही त्यातल्या फक्त 10 ते 20 टक्के हसण्यांच्या आधी होतं. बाकी सगळी वाक्यं "चल, भेटू मग", "अरे, तू इथे कसा?" अशा जातीची. ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा जास्त हसत होता. आणि डायरी लिहायला लावून केलेल्या दुसऱ्या पाहणीत, माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे 30 पट जास्त सोबतीत हसतो असं दिसलं (टीव्ही, पुस्तकं वगैरे सोडून).

हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मूल जास्त हसत असेलही. पण मूल एकटं असतं कधी? त्याला कुणीतरी खेळवत असतं, गुदगुल्या करत असतं, त्याच्यासमोर तोंड वेडंवाकडं करत असतं. तुलना करायचीच तर मोठ्या माणसालाही दिवसभर कुणीतरी तसं खेळवलं पाहिजे.

स्नायूंचं वाक्य पटकन निकालात काढते. हसू अनेक प्रकारचं असतं, आठ्याही अनेक प्रकारच्या, त्यामुळे दोन्हींना एकेक ठरावीक आकडा असूच शकत नाही. ओठांचे कोपरे वर खेचण्याचं मुख्य काम गालातली एक जोडी करते. भुवया जवळ आणून आठी पाडायलाही प्रामुख्याने एक छोटी जोडी पुरते. आणि आकडे खरे असते तरी काय? कमी श्रम पडतात म्हणून कुणी हसतं का? मग तोंड मिटून स्वस्थ बसणं सर्वांत स्वस्त.

आता खोट्या हसण्याकडे येते. मेसेजमधलं हे सर्वांत लाडकं वाक्य आणि सर्वांत घोटाळ्याचंही.

"शरीराला फरक कळत नाही." कळतो. 1862 मध्ये ड्युशेन या फ्रेंच डॉक्टरने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे सौम्य झटके देऊन दाखवलं की ओठ हवे तेव्हा वळवता येतात, पण मनापासून हसताना डोळ्याभोवतीचा जो स्नायू आवळला जातो तो सहसा हुकमात नसतो. मेंदूतले मार्गच दोन आहेत. मेंदूच्या विशिष्ट भागात पक्षाघात झालेल्या काही रुग्णांना "जरा हसून दाखवा" म्हटलं की अर्धा चेहरा हलत नाही. तोच रुग्ण एखाद्या गमतीवर दोन्ही बाजूंनी छान हसतो. याच्या बरोबर उलटे रुग्णही असतात, सांगितल्यावर हसता येतं पण आपोआप येणारं हसू एका बाजूने थिजलेलं. फरक कळत नसता तर हे दोन आजार वेगळे झालेच नसते.

समोरच्यालाही कळतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 21 वेगवेगळ्या समाजांतल्या 884 लोकांना अनोळखी बायकांच्या हसण्याचे नुसते आवाज ऐकवले: काही मैत्रिणीशी बोलताना सहज आलेले, काही सांगून काढलेले. 56 ते 69 टक्के वेळा लोकांनी बरोबर ओळखलं. चेहरा नाही, भाषा नाही, संदर्भ नाही, तरीही. फार मोठं यश नव्हे, पण नाणं उडवण्यापेक्षा सगळीकडे बरं.

मेसेजच्या बाजूने एक प्रसिद्ध प्रयोग सांगितला जातो, तो सांगितला पाहिजे. 1988 मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ स्ट्रॅक आणि सहकाऱ्यांनी लोकांना पेन दातांत धरायला लावलं (तोंड आपोआप हसरं होतं) किंवा ओठांत धरायला लावलं (होत नाही), आणि व्यंगचित्रं दाखवली. दातवाल्यांना चित्रं थोडी जास्त गमतीची वाटली. अनेक वर्षं हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत मिरवला. 2016 मध्ये 17 प्रयोगशाळांनी तो पुन्हा केला आणि परिणाम सापडला नाही. मग 2022 मध्ये 19 देशांतल्या संशोधकांनी 3,878 लोकांवर मोठी चाचणी घेतली. त्यात समर्थक होते आणि शंका घेणारेही. पेनच्या युक्तीचा ठोस पुरावा त्यांनाही मिळाला नाही, पण हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केली किंवा गाल मुद्दाम वर खेचले तर मनाला किंचित बरं वाटतं, हे दिसलं. किंचित. एवढ्या किंचितावर मेसेजने "आनंदाची रसायनं तयार होतातच" असा इमला चढवलाय.

आणि जे लोक पगारासाठी दिवसभर हसतात त्यांना विचारा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अर्ली हॉक्शिल्ड यांनी 1983 मध्ये विमानातल्या सेविकांच्या कामाचं वर्णन करताना याला 'भावनिक श्रम' असं नाव दिलं. श्रम हा शब्द बघा. शरीराला फरक कळत नसता तर आठ तास ओठ ताणून घरी आलेली बाई ताजीतवानी दिसली असती.

मग हास्यक्लबातल्या लोकांना बरं वाटतं ते खोटं? नाही. 1995 मध्ये मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी पहिला हास्यक्लब सुरू केला तेव्हा लोक रोज एकमेकांना चुटके सांगत. काही दिवसांत चुटके संपले, काही आचरट निघाले, तेव्हा विनोदाशिवायच हसायचं ठरलं. तिथे बघितलंत तर पहिलं अर्धं मिनिट हसणं ओढूनताणून असतं. मग समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की त्याच्या त्या हास्यास्पद हसण्याचंच खरं हसू येतं. खोट्याचं खरं होतं ते समोर कुणीतरी असतं म्हणून. बाथरूमच्या आरशासमोर एकट्याने तोच व्यायाम करून बघा.

असाध्य आजाराची गोष्ट अमेरिकी संपादक नॉर्मन कझिन्स यांची. 1964 मध्ये ते सांधे आणि मणक्याच्या गंभीर दुखण्याने अंथरुणाला खिळले. विनोदी फिल्म बघून दहा मिनिटं पोटभर हसलं की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते, असं त्यांना आढळलं. 1976 मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हा अनुभव लिहिला आणि तो जगभर पोचला. मेसेजमध्ये गाळलेला भाग असा: ते शिरेतून क जीवनसत्त्वाचे प्रचंड डोसही घेत होते, हॉस्पिटलमधून हॉटेलात राहायला गेले होते, त्यांचं प्रत्येक म्हणणं ऐकून घेणारा डॉक्टर मित्र सोबत होता, आणि निदान बरोबर होतं का यावर नंतर डॉक्टरांनी शंका घेतली. कझिन्स स्वतःही पुढे म्हणत राहिले की हसणं हे सगळ्या सुखद भावनांचं रूपक म्हणून घ्या. एका माणसाचा प्रामाणिक अनुभव 'हसून आजार पळवला' इथपर्यंत कसा घसरत आला, तेच खरं बघण्यासारखं आहे.

वेदनेचा भाग मात्र टिकतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या गटाने 2012 मध्ये दाखवलं की विनोदी कार्यक्रम बघून खळखळून हसलेल्या लोकांची वेदना सहन करण्याची ताकद वाढते. 2017 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी 12 पुरुषांच्या मेंदूची चित्रं घेतली, तर मित्रांसोबत हसल्यानंतर मेंदूत नैसर्गिक वेदनाशामक द्रव्यं स्रवताना दिसली. बारा माणसं म्हणजे थोडी, मान्य. पण 'मित्रांसोबत' हे शब्द सोडू नका. भावाला हे सांगितलं तर म्हणाला, "वेदना सहन होईल गं, टाके सहन करतील का?" प्रश्न रास्त होता. 2013 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात दोघा डॉक्टरांनी हसण्याचे फायदे-तोटे गोळा केले होते. तोट्यांच्या यादीत बेशुद्धी, दम्याचा झटका, निखळलेला जबडा आणि चक्क हर्निया आहे.

दोन दिवस वाढीव आयुष्याचं गणित कुणी मांडलं ते देवच जाणे. मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांनी 1921 मध्ये अमेरिकेत सुमारे 1,500 हुशार मुलांचा अभ्यास सुरू केला आणि तो अनेक दशकं चालला. 1993 मध्ये तो धागा पुढे नेणाऱ्यांना आढळलं की लहानपणी आनंदी आणि विनोदी म्हणून नोंद झालेली मुलं सरासरीने थोडी लवकर गेली. आणि 2015 मध्ये ब्रिटनमधल्या सात लाखांहून अधिक बायकांची माहिती तपासली गेली. दुःखी बायका जास्त मरत होत्या खऱ्या, पण त्या आधीपासून आजारी होत्या, जास्त धूम्रपान करत होत्या. ते वजा केल्यावर सुख-दुःखाचा मृत्यूशी संबंध उरला नाही. आजारामुळे हसू जातं, आपण वाचतो ते उलटं.

हसण्याचं वरदान फक्त माणसाला? मेंदूशास्त्रज्ञ याक पँकसेप यांनी 1990 च्या दशकात उंदरांना गुदगुल्या केल्या तेव्हा ते सुमारे 50 किलोहर्ट्झचा चिवचिवाट करत होते. आपल्या कानांची मर्यादा 20, म्हणून इतकी वर्षं कुणाला ऐकूच आलं नव्हतं. गुदगुल्या करणाऱ्या हाताच्या मागे ते धावतही. 2009 मध्ये गोरिला, चिंपांझी, बोनोबो, ओरांगउटान आणि माणसाची बाळं यांच्या गुदगुल्यांचे आवाज ताडून बघितले, तर त्यांची उतरंड थेट वंशवृक्षाशी जुळली. म्हणजे हसण्याचं मूळ एक कोटी वर्षांहून जुनं. खेळात एकमेकांना चावताना, ढकलताना जी धाप लागते, तिच्यातून ते आलं असावं असं मानतात. अर्थ एवढाच: हे चावणं खरं नाही, आपण खेळतोय. निरोपच तो. निरोपाला घेणारा लागतो.

म्हणूनच हसू दिसलं की आत आनंद आहे, हेही खरं नाही. 1962 मध्ये टांगानिकातल्या (आजच्या टांझानियातल्या) काशाशा गावच्या मुलींच्या शाळेत हसण्याची साथ आली. 159 पैकी 95 मुलींना हसण्याचे झटके येत, काहींना तासन् तास, मधूनच रडूही. शाळा बंद करावी लागली. ताणाखाली असलेल्या मुली होत्या त्या, मजेत नव्हत्या. मेंदूच्या काही आजारांत तर माणूस दुःखात असताना हसत सुटतो आणि आवरता येत नाही म्हणून ओशाळतो.

राहिलं "आनंद हा तुमचा निर्णय आहे." भावाला हे वाक्य बोचलं नाही; त्याचे टाके आठवड्यात निघणार होते. पण हाच मेसेज मी नैराश्याशी झगडणाऱ्या एका मैत्रिणीच्या फोनवरही पाहिला आहे. तिने तो उघडा ठेवून मला विचारलं होतं, "म्हणजे मी निर्णय घेत नाहीये, असंच ना?" आजारी माणसाला त्याच्याच आजाराचा गुन्हेगार ठरवायला एवढं एक वाक्य पुरतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ आयरिस मॉस यांच्या गटाने 2011 मध्ये काही लोकांना आनंद किती महत्त्वाचा आहे यावरचा लेख वाचायला दिला आणि नंतर सुखद फिल्म दाखवली. लेख न वाचलेल्यांपेक्षा त्यांना फिल्मचा आनंद कमी झाला. मोजत बसलं की असंच होतं, अपेक्षा वर जाते आणि समोरचं थिटं वाटायला लागतं. नऊ झाली, 391 बाकी.

शेवटची ओळ, दहा जणांना पाठवा. सगळा मेसेज मी तीनदा वाचला. त्यात स्नायू आहेत, रसायनं आहेत, मिनिटं आणि दिवस आहेत. दुसरा माणूस येतो तो फक्त या ओळीत.