दहा लाख व्हॅल्यू, फक्त 20 तुलना? आधी ट्रीची उंची बघा

मुलाखतीच्या तयारीच्या नोट्समधून एक विधान सर्रास फिरतं: "बायनरी सर्च ट्रीमध्ये प्रत्येक पायरीला निम्मा डेटा बाद होतो, म्हणून दहा लाखांतली कुठलीही व्हॅल्यू 20 तुलनांत सापडते." (बायनरी सर्च ट्री म्हणजे व्हॅल्यूंची अशी मांडणी, जिथे प्रत्येक नोडच्या, म्हणजे एक व्हॅल्यू ठेवलेल्या खान्याच्या, डावीकडे त्याहून लहान आणि उजवीकडे मोठ्या व्हॅल्यू असतात.) हे विधान जसंच्या तसं पाठ करून मुलं मुलाखतीला जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

"निम्मा डेटा बाद होतो." हे वर्णन सॉर्ट केलेल्या ॲरेवरच्या, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीवरच्या, बायनरी सर्चचं. तिथे मधला घटक आपण मुद्दाम निवडतो. साध्या ट्रीत जी व्हॅल्यू पहिली आली ती रूट, म्हणजे सगळ्यात वरचा नोड, होते. भरताना आणि शोधताना लहान असेल तर डावीकडे, मोठी असेल तर उजवीकडे, एवढाच नियम. सोडलेल्या बाजूला निम्मे नोड असतील, दोन असतील, किंवा एकही नसेल.

कागदावर काढून बघा. 50, 30, 70, 20, 40, 60, 80 या क्रमाने भरा. 80 शोधताना 50, 70, 80 अशा तीन तुलना होतात. आता त्याच व्हॅल्यू 20 पासून चढत्या क्रमाने भरा. प्रत्येक नोड आधीच्याच्या उजवीकडे लटकत जातो आणि 80 गाठायला सात तुलना लागतात. शोधाचा कोड तोच! दहा लाखांचं असं झालं, तर शेवटच्या व्हॅल्यूसाठी दहा लाख तुलना.

"असा डेटा प्रत्यक्षात येतो कुठे?" रोज येतो. पावती नंबर, परीक्षेचे बैठक क्रमांक, तारखा बहुतेक वेळा चढत्या क्रमानेच नोंदल्या जातात. त्यात पायथनमध्ये शोध रिकर्शनने (फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावतं अशा पद्धतीने) लिहिला असेल, तर हजाराच्या आसपास पातळ्या खाली गेल्यावर प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो, कारण तिथे रिकर्शनची डीफॉल्ट मर्यादा 1000 आहे. (शोधाला रिकर्शन लागतही नाही, एक व्हाइल लूप पुरतो.)

"पण सरासरी तर 20च ना?" तीही नाही. व्हॅल्यू रँडम क्रमाने आल्या, तर दहा लाखांच्या ट्रीत असलेली व्हॅल्यू शोधायला सरासरी 26च्या आसपास तुलना लागतात. आकडा चांगलाच आहे, पण त्याची हमी कोणी देत नाही. हमी हवी तर ट्रीने स्वतःची उंची, म्हणजे वरपासून खालपर्यंतच्या पातळ्या, सांभाळली पाहिजे. ॲडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी 1962 मध्ये तेच मांडलं: नोडच्या दोन बाजूंच्या उंचीत एकाहून जास्त फरक पडला, की रोटेशन करून, म्हणजे नोड वर-खाली फिरवून, तो मिटवायचा. त्यांच्याच नावांवरून एव्हीएल म्हटल्या जाणाऱ्या अशा ट्रीत दहा लाख नोड असले तरी पातळ्या 28च्या वर जात नाहीत. जावा भाषेतल्या ट्रीमॅप या तयार रचनेत रेड-ब्लॅक ट्री, म्हणजे उंची सांभाळणारा आणखी एक प्रकार, आहे, तोही याच कारणाने.