कुठल्या लसी घ्यायच्या, हे सांगायला एक माणूस मिळू नये?

तिकीट झालं, व्हिसा झाला. पण "या देशात जायचंय, कुठल्या लसी घेऊ?" एवढ्या साध्या प्रश्नाचं धड उत्तर कुणाकडे नाही! संताप संताप झालाय नुसता.

फॅमिली डॉक्टर म्हणतात, दूतावासात विचारा. दूतावासाच्या साइटवर एकच ओळ, डॉक्टरांचा सल्ला घ्या. लसीकरण केंद्राला फोन केला तर म्हणे, "तुम्हाला कुठली पाहिजे ते सांगा, आम्ही टोचतो." अरे, मला कळत असतं तर विचारलं कशाला असतं?

आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द, कम्पल्सरी. कम्पल्सरी नाही ना, मग सोडा! अहो, ती सक्ती तो देश स्वतःच्या काळजीपोटी करतो, माझ्या नाही. घानात शिरताना यलो फीवरची, म्हणजे डासांमुळे होणाऱ्या पीतज्वराची, लस घेतल्याचं कार्ड दाखवावंच लागतं. हिपॅटायटिस ए, टायफॉइड, रेबीज यांचं कुणी विचारत नाही, म्हणून ते आजार मला होणार नाहीत का?

तारखांचा घोळ तर विचारूच नका. यलो फीवरचं कार्ड लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतं. हिपॅटायटिस बी चा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा. जपानी मेंदूज्वराच्या दोन डोसांत साधारण 28 दिवस. रेबीजचे आधी तीन डोस घ्यायचे, 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याच्या अंतराने दोन पुरेसे म्हटलं, पण काही ठिकाणी अजून तीनच सांगतात. टोचायच्या जिवंत लसी (कमजोर केलेले जिवंत जंतू असलेल्या) एकाच दिवशी घ्या, नाहीतर मध्ये 4 आठवडे जाऊ द्या. हे सगळं जुळवायचं कुणी? मी, रात्री कॅलेंडर पुढ्यात घेऊन! निघायच्या 4 ते 8 आठवडे आधी सल्ला घ्या म्हणतात. आम्ही वेळेत गेलो, तर अपॉइंटमेंट मिळाली विमानाच्या तारखेनंतरची. यलो फीवरची कुपी एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे ठरावीक वारीच माणसं बोलावतात, हे मला समजतं. पण मग ते आधी सांगा ना!

सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते आईच्या वेळी. तिचं वय साठच्या पुढे. या वयात यलो फीवरची लस पहिल्यांदा घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामांचा धोका जास्त असतो. तसं क्वचितच घडतं, पण घडतं. म्हणून आधी डॉक्टरने बसून विचार करायचा असतो, लस झेपणार नसेल तर तसं पत्रही देता येतं. फॉर्मवर अंड्याची अ‍ॅलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, थायमसचा (छातीतल्या ग्रंथीचा) आजार, सगळं विचारलेलं होतं. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "सगळीकडे नाही लिहा, पुढे चला." आई खरंच 'नाही' लिहायला लागली. मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं आणि डॉक्टर बाहेर आल्याशिवाय हलणार नाही म्हणून तिथेच उभी राहिले. मागची रांग माझ्यावरच करवादली.

माझ्या कार्डावर तर वैधता दहा वर्षांची लिहिली! 11 जुलै 2016 पासून हे सर्टिफिकेट आयुष्यभरासाठी चालतं, आंतरराष्ट्रीय नियमच आहे तसा. दिवसभर हेच काम करणाऱ्या माणसाला तो मी सांगायचा? वर उत्तर काय, "आम्ही असंच लिहितो." बदलून घेतलंच मी, पण त्यासाठी भांडावं लागलं.

आणि मलेरिया? त्यावर प्रवाशांसाठी लस नाही, गोळ्याच घ्याव्या लागतात. त्याबद्दल एकानेही आपणहून तोंड उघडलं नाही. मी विचारलं तेव्हा चिठ्ठीवर डॉक्सीसायक्लिन खरडून दिलं. निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायचं, तिथे रोज घ्यायचं आणि परत आल्यावरही 4 आठवडे चालू ठेवायचं, यातलं एक अक्षर त्या चिठ्ठीवर नाही. घरी आल्यावर गोळ्या बंद करणारी किती माणसं असतील! त्यांना नंतर ताप आला तर हेच डॉक्टर विचारणार, गोळ्या मध्येच का सोडल्या?