पाचशे रेकॉर्ड आणि गिरणीची पायरी

रविवारी पाचला नानांची पिठाची गिरणी बंद होते आणि साडेपाचला तिची पायरी आमची होते. मास्तर (गणिताचे क्लास घेतो, वाद मात्र इतिहासावर घालतो), पक्या, हार्डवेअरवाला शेठ आणि मी. नाना आत झाडलोट करत असतात आणि मधूनच भुवयांवर पीठ घेऊन बाहेर डोकावतात.

परवा ठिणगी पडली ती पक्याच्या पोराच्या टी-शर्टवरून. छातीवर छापील सेफ्टी पिन, किंमत सतराशे रुपये.

"छापील पिन!" मास्तर म्हणाला. "लंडनमध्ये पोरं खरी टोचून फिरायची. पंक, ते सुसाट बंडखोर रॉक संगीत, म्हणजे लंडन, १९७६, सेक्स पिस्टल्स बँड. विषय संपला."

"कसला संपला?" पक्या म्हणाला. "रामोन्स बँडचा पहिला अल्बम एप्रिल ७६चा, न्यूयॉर्कचा. पिस्टल्सची पहिली रेकॉर्ड यायला नोव्हेंबर उजाडला."

मी म्हटलं, "आणि ब्रिस्बेन?"

शेठ एकदम जागा झाला. "ब्रिस्बेन म्हणजे गॅबा. जानेवारी २०२१, अजिंक्य कॅप्टन, पंतचा चौका. ह्याच्यापुढं बोलूच नका."

तरी बोललो. ऑस्ट्रेलियातल्या ह्या शहरात सेंट्स नावाचा बँड होता. गायक ख्रिस बेली, गिटारवर एड क्यूपर, ड्रमवर आयव्हर हे. बेलीचा जन्म केनियातला, घर आयरिश, लहानपण बेलफास्टचं. क्यूपर जर्मनीतल्या ब्रेमेनचा. दोघंही लहानपणी आईबापांबरोबर ब्रिस्बेनला आलेले. १९७३ला सुरुवात केली तेव्हा बँडचं नाव 'किड गॅलाहॅड अँड द इटर्नल्स' असं लांबलचक होतं, पुढच्या वर्षी सेंट्स झाले. म्हणजे रामोन्स न्यूयॉर्कच्या क्लबात उभे राहत होते, त्याच सुमाराला जगाच्या दुसऱ्या टोकाला ही पोरं तसंच सुसाट वाजवत होती. कुणी कुणाचं ऐकलेलं नाही. रामोन्सचा अल्बम हातात पडला तेव्हा क्यूपर खट्टू झाला होता, आता लोक म्हणणार ह्यांनी त्यांची कॉपी मारली.

"पण ऐकायला कोण होतं?" मास्तरनं नेमकं धरलं.

तेच तर. कोणीच नव्हतं. कुणी कार्यक्रम देईना, म्हणून उपनगरातले हॉल स्वतः भाड्यानं घ्यायचे. शेवटी पेट्री टेरेसवर राहत होते त्या घराचाच क्लब केला आणि नाव ठेवलं 'क्लब ७६'. त्याच रस्त्याला पोलिसांची बराक होती.

इथं मला आमचं कॉलेजातलं आठवलं. आमचाही एक बँड होता, तीन महिने टिकला. एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रॅक्टिस करायचो. चौथ्या रविवारी सेक्रेटरी खाली आले, मेन स्विच बंद केला आणि काही न बोलता वर गेले. त्यांचं ते न बोलणं मला अजून लागतं. पक्या म्हणतो, बरोबरच होतं त्यांचं, तू बेसूर होतास.

तर क्वीन्सलँड राज्याचा मेन स्विच तेव्हा जो ब्येल्के-पीटरसन नावाच्या प्रीमियरच्या हातात होता. प्रीमियर म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्रीच. १९६८ ते १९८७, सलग एकोणीस वर्षं. मतदारसंघ असे आखलेले की गावाकडचं मत शहरातल्या मतापेक्षा जड. सप्टेंबर १९७७मध्ये त्यानं रस्त्यावरचे मोर्चेच बंद करून टाकले. त्याच्या पोलिसांचा मुख्य, टेरी लुईस, पुढं लाचखोरीत १९९१ला तुरुंगात गेला.

"म्हणजे पंकला लागतो तो सगळा कच्चा माल होता," मास्तर म्हणाला. हा माणूस हरायला लागला की शिक्षकासारखा मार्क द्यायला लागतो.

जून १९७६मध्ये ह्यांनी ब्रिस्बेनच्या विंडो स्टुडिओत दोन गाणी केली. कुठलीच रेकॉर्ड कंपनी जवळ करणार नव्हती, म्हणून स्वतःचंच लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढायची कंपनी, काढलं, 'फेटल' नावाचं. पाचशे रेकॉर्ड छापल्या आणि बऱ्याचशा पोस्टानं वर्तमानपत्रांना, कंपन्यांना पाठवून दिल्या. आपल्याकडं साठच्या दशकात लघुनियतकालिकवाले सायक्लोस्टाइल करून अंक पोस्टात टाकायचे, तोच हा धंदा.

"धंदा कसला? पाचशे माल काढायचा आणि फुकट वाटायचा?" शेठ.

"सँपल पाठवत नाहीस तू?"

"पाचशेतले चारशे नाही पाठवत."

पण सँपल लागलं. गाणं 'स्ट्रँडेड', सप्टेंबर १९७६. लंडनच्या 'साउंड्स' साप्ताहिकानं ह्या आठवड्याचीच काय, सगळ्या आठवड्यांची सर्वोत्तम सिंगल (एकदोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) असं डोक्यावर घेतलं. मग ईएमआय ह्या रेकॉर्ड कंपनीच्या लंडन ऑफिसनं सिडनीच्या ऑफिसला सांगितलं, ही पोरं धरा. आपल्याच देशातल्या बँडचा पत्ता सिडनीला लंडनहून कळला. (पक्याचं मत, हे तर पुण्यातही चालतं. आधी मुंबईनं टाळ्या वाजवाव्या लागतात.) आणि मास्तरसाठी तारखा परत सांगतो. इंग्लंडमधली पहिली पंक सिंगल म्हणतात ती डॅम्ड बँडची 'न्यू रोझ' ऑक्टोबर ७६ची. ब्रिस्बेन महिनाभर आधी.

"गाणं लाव आधी," शेठ म्हणाला. "किती वेळ नुसता कॅटलॉग वाचतोयस."

मोबाईल नानांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात उभा केला आणि लावलं. ह्या गाण्यात गिटार एका जागी भिंतीसारखी उभी राहते आणि साडेतीन मिनिटं हलत नाही. तिच्यावर बेली गातो तो रागानं नाही, कंटाळून. शब्द ताणत, तोंडातल्या तोंडात. मला नेहमी वाटतं, लंडनवाले ओरडतात कारण समोर कोणीतरी आहे. ह्याच्यासमोर कोणी नाही हे त्याला ठाऊक आहे.

नाना झाडू घेऊन बाहेर आले. उभ्यानं पूर्ण ऐकलं. "मोटर चांगली आहे," म्हणाले. "लोड आला तरी आवाज पडत नाही. पट्टा घट्ट बसलाय." आणि आत गेले. ह्या बँडवर मी बरंच काही वाचलंय, पण क्यूपरच्या गिटारचं ह्याहून नेमकं वर्णन सापडलेलं नाही.

"आणि 'स्ट्रँडेड' म्हणजे?" शेठनं विचारलं.

"शेवटची एसटी गेली आणि आपण स्टँडवर."

"मग असं सांग ना."

पहिला अल्बम दोन दिवसांत उरकला, फेब्रुवारी १९७७ला आला. त्याच वर्षी मंडळी लंडनला गेली. जूनमध्ये तिथल्या राउंडहाउस हॉलमध्ये रामोन्सबरोबर वाजवलं, जुलैची 'धिस परफेक्ट डे' तिकडच्या खपाच्या यादीत ३४व्या नंबरापर्यंत गेली. आणि इथूनच गाडी बिघडली. कंपनीला हवी होती फाटके कपडे आणि खिळ्यांसारखे केस असलेली पंक पोरं. ह्यांचे केस लांब, शर्ट साधे, आणि बदलायची तयारी नाही.

"म्हणजे छापील पिन लावायला नकार," पक्या पोराकडं बघत म्हणाला. पोरगा मोबाईलमध्ये.

खरं भांडण इथं झालं. दुसऱ्या अल्बममध्ये, १९७८ला, सेंट्सनी ब्रास घातला. ट्रम्पेट, सॅक्सोफोन. मास्तरला हे बिलकूल मंजूर नाही. "पंकमध्ये ट्रम्पेट? बाटले ते. लग्नाची वरात झाली."

माझं म्हणणं उलटं. तोवर लंडनमध्ये सगळे तीन कॉर्डवर, एकाच वेषात, एकाच चालीनं बंड करत होते. तिथं सॅक्सोफोनसारखा भोंगा वाजवणं हेच खरं 'ऐकणार नाही' म्हणणं. ह्या पोरांनी पंक व्हायचं ठरवलंच नव्हतं. कुणी बघत नव्हतं म्हणून मनाला येईल ते वाजवत होते, आणि बघायला लागल्यावरही तेच करत राहिले.

"आणि परिणाम?"

परिणाम वाईट. त्याच वर्षी तिसरा अल्बम आला, कंपनीनं सोडलं, बँड फुटला. क्यूपर परतला आणि 'लाफिंग क्लाउन्स' काढला, तोही भोंग्यांसकट. बेलीनं बँडचं नाव स्वतःकडं ठेवलं आणि वेगवेगळी माणसं घेऊन वर्षानुवर्षं चालवलं. २००७ला ब्रिस्बेनमध्ये 'पिग सिटी' महोत्सवात जुने तिघं परत एकत्र वाजले. त्याच वर्षी 'स्ट्रँडेड' ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहाच्या यादीत गेलं. बेली एप्रिल २०२२मध्ये गेला.

"सरकारी यादीत गेलं म्हणजे आता पंक उरलं नाही," मास्तर. ह्याला म्हणतात पडलो तरी नाक वर.

शेठ मघापासून बोटांवर काहीतरी मोजत होता. "त्या पाचशेतली एक आज केवढ्याला जाईल?"

"भारी जाईल."

"तुझ्याकडं आहे?"

"नाही."

"पाहिलीयस तरी?"

"फोटोत."

"मग चहा तू सांग," म्हणाला, आणि डब्यातला मोबाईल काढून माझ्या हातात दिला. स्क्रीनवर पीठ होतं.