पाटीवर पंजाचा ठसा, पण कुत्र्याला बसायचं कुठे?

इंग्लंडमधल्या खेड्यातल्या कुठल्याही पबची वेबसाइट उघडा. शेकोटीपुढे पसरलेला लॅब्रॅडॉर, त्याखाली ठळक अक्षरांत ‘डॉग-फ्रेंडली’. कॉट्सवोल्ड्स असो, पीक डिस्ट्रिक्ट असो, फोटो ठरलेला. त्या फोटोवर विश्वास ठेवून लोक दीड तास गाडी चालवतात, टेकड्या तुडवतात, चिखलाने माखलेला कुत्रा पुसून दाराशी येतात. आणि आतून सांगतात, ‘कुत्रा फक्त बागेत.’ नोव्हेंबरात! बाकांवरून पाणी ठिबकतंय आणि बागेत! कुत्रा आत नको असेल तर ‘कुत्रे नकोत’ असं स्वच्छ लिहा, कोणी भांडायला येणार नाही. पण मग तो फोटो काढून टाका.

‘डॉग-फ्रेंडली’ या एका शब्दाचे प्रत्येक पबमध्ये वेगळे अर्थ निघतात. कुठे पूर्ण पब, कुठे फक्त दगडी फरशीचा बार, कुठे नुसती बाग. सगळ्यात चीड आणणारा प्रकार म्हणजे बारमध्ये कुत्रा चालतो, पण पूर्ण मेन्यू फक्त डायनिंग रूममध्ये मिळतो. म्हणजे सहा जणांचं संडे रोस्ट, म्हणजे रविवारचं भाजलेल्या मांसाचं जेवण, बुक करून आलेल्यांनी सँडविच आणि चिप्स खायचे. बुकिंगच्या फॉर्ममध्ये कुत्र्यासाठी रकानाच नसतो. सूचनेच्या चौकटीत लिहिलं तर ती कोणी वाचत नाही, आणि सिस्टीम आपोआप गालिचा घातलेल्या खोलीतलं टेबल देऊन मोकळी होते. दारात पोचल्यावर वर ऐकवणार, ‘तुम्ही कळवायला हवं होतं.’ कळवलं होतं! तुमच्याच चौकटीत कळवलं होतं!

आता पुण्याहून महिनाभरासाठी आलेले आई-बाबा सोबत आहेत असं धरा. त्यांना आठ अंश थंडीत बाहेर बसवता येत नाही, ते शाकाहारी असल्यामुळे बारच्या चार ओळींच्या मेन्यूत त्यांच्यासाठी काही नसतं. मग अर्धं कुटुंब आत, अर्धं बाहेर, आळीपाळीने कुत्रा धरत जेवायचं. याला पाहुणचार म्हणायचं?

आणि विचारलं की कायद्याकडे बोट. ‘हेल्थ अँड सेफ्टी’, ‘काउन्सिलचा नियम’. साफ खोटं. अन्नस्वच्छतेचा ८५२/२००४ क्रमांकाचा नियम म्हणतो की जिथे अन्न तयार होतं, हाताळलं जातं किंवा साठवलं जातं तिथे पाळीव प्राणी येऊ देऊ नयेत. म्हणजे स्वयंपाकघर आणि कोठार. गिऱ्हाईक बसतं त्या खोलीत कुत्रा येऊ द्यायचा की नाही, हा पूर्णपणे मालकाचा निर्णय असतो. अंधांना वाट दाखवणाऱ्या वगैरे साहाय्यक कुत्र्यांची गोष्ट वेगळी, २०१० च्या इक्वॉलिटी अ‍ॅक्टमुळे त्यांना अडवणं हा भेदभाव ठरू शकतो. गालिचा खराब होतो म्हणून नको असेल तर तसं सांगा, पटेल. कायद्याच्या आड लपू नका.

त्याहून भयंकर म्हणजे ‘गाडीत ठेवा ना तासभर’ हा सल्ला. बाहेर २२ अंश असताना बंद गाडीत तासाभरात तापमान ४७ पर्यंत चढू शकतं. काच दोन बोटं उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग गार करतो, आणि तापलेल्या हवेत धापा टाकून काही होत नाही. कुत्र्यांचा फोटो लावून धंदा करणाऱ्याच्या तोंडून हा सल्ला यावा, याची लाज वाटायला हवी.

बरं, आत घेतलंच तर टेबल कुठलं देतात? स्वयंपाकघराच्या दारापासून बारपर्यंतच्या वाटेवरचं, नाहीतर टॉयलेटच्या दारालगतचं. तीन गरम ताटं हातावर तोलत वेटर जातो आणि त्याच्या पायाखाली शेपूट. दार उघडलं की कुत्रा उठणार, पुन्हा बसणार, पुन्हा उठणार. तीस किलोच्या कुत्र्याला आडवं व्हायला साधारण मीटरभर लांब जागा लागते. मध्ये एकच जाड खांब असलेल्या गोल टेबलाखाली ती मिळत नाही, उंच स्टुलांच्या टेबलाखाली तर आडोसाच नसतो. कोपऱ्यातलं, दोन बाजूंना भिंत असलेलं चार पायांचं टेबल द्या, खाली चटई टाकली की दहा मिनिटांत कुत्रा झोपतो. टेबल शेकोटीला अगदी चिकटून नको. दाट केसांचा कुत्रा तिथे तापतो, तरी उठत नाही.

दाराशी ठेवलेलं पाण्याचं भांडं हाही एक वैताग. हात फिरवला की बुळबुळीत थर लागतो, कारण ते नुसतं वरून भरतात, घासत नाहीत. दिवसभर वीस कुत्री त्यातच पिणार. स्वतःचं भांडं नेलेलं बरं. बारवरच्या बरणीतलं बिस्किट न विचारता कुत्र्याच्या तोंडात कोंबू नका, काहींना गहू सोसत नाही. रोस्टच्या ताटातलं उरलंसुरलं तर नकोच. स्टफिंगमध्ये, म्हणजे मांसासोबतच्या सारणात, कांदा, बहुतेक ग्रेव्हीतही कांदा, आणि कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेलं हाड चिरफळतं. ख्रिसमस पुडिंगमधल्या मनुकांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

आणि कुत्रेवाले, तुम्हीही ऐका. पाच मीटरचा लांबत जाणारा लीड, म्हणजे कुत्र्याचा पट्टा, पबमध्ये आणू नका! ती बारीक दोरी खुर्च्यांच्या पायांत गुंतते, माणसं अडखळतात. सव्वा मीटरचा साधा लीड पुरतो, आणि तो टेबलाच्या पायाला बांधायचा नाही. मांजर दिसलं की टेबलासकट ग्लास खाली येतात. लीडवर स्वतःचा पाय ठेवून बसा. कुत्र्याला गादीच्या बाकावर चढवू नका. अशा चार जणांमुळेच एकेक बार कुत्र्यांना बंद होत चालला आहे. आधी कुत्र्याला पाऊण तास चालवा, त्याचे पाय पुसा, मग आत या.

जायच्या आदल्या दिवशी फोन करा, ईमेल नको. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान केला तर बोलायला कोणीतरी मोकळं सापडतं. विचारायचं ते नेमकं: कुठल्या खोलीत, तिथे पूर्ण मेन्यू आहे का, टेबलं किती, पबचा स्वतःचा कुत्रा किंवा मांजर मोकळं फिरतं का, आणि पाऊस आला तर काय. उत्तर देणाऱ्याचं नाव लिहून घ्या.

खरं तर हे सगळं पबनेच लिहायला हवं. ‘बार आणि स्नगमध्ये (बारलगतच्या छोट्या खोलीत) कुत्रे चालतात, डायनिंग रूममध्ये नाही, पूर्ण मेन्यू दोन्हीकडे, कुत्रेवाल्यांसाठी पाच टेबलं, फोनवरच राखून मिळतील.’ दाराच्या फळ्यावर खडूने मावेल एवढा मजकूर आहे. लिहा तो.