दोन दांड्यांचा टेपर (निमुळतेपणा) जुळला नाही, हे कबूल. पण दुसऱ्या बारची (कच्च्या सळईची) लांबीही बघा

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री मुलीनं मोबाईलवर वाचून दाखवला. एक स्टार. ‘अंगठ्या घडवायच्या दोन टेपर दांड्या करायला दिल्या, दोन्ही वेगवेगळ्या निघाल्या, अंगठी पाच मिलिमीटरच्या फरकानं बसते. साध्या कामाला चार दिवस आणि १८०० रुपये. याला लेथ चालवता येत नाही.’ तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. दांड्या जुळल्या नाहीत, हे खरं आहे. ते मी नाकारत नाही.

पण का जुळल्या नाहीत, ते इथं लिहिणं भाग आहे. शनिवारी तुम्ही परत आलात, मी सांगायला लागलो आणि तुम्ही रागानं निघून गेलात.

काम होतं ३०० मिलिमीटरचा टेपर, व्यास एका टोकाला २५ आणि दुसऱ्या टोकाला १३. माझं लेथ, म्हणजे बार गोल फिरवून कापायचं मशीन, साडेचार फुटी आहे. त्याची कंपाउंड स्लाइड (हत्यार धरणारा, कोनात फिरवता येणारा सरकता भाग) जेमतेम ९० मिलिमीटर सरकते. तुम्ही शेजारी उभं राहून म्हणालात, ‘कंपाउंड फिरवा, व्हिडिओत पाच मिनिटांत होतं.’ छोट्या टेपरला होतं, साहेब. ३०० मिलिमीटर त्यानं काढायचा तर चार तुकड्यांत काढावा लागतो आणि प्रत्येक सांध्याला पायरी राहते. शिवाय तुमचा कोन एका बाजूला एक अंश नऊ मिनिटांच्या आसपास येतो आणि कंपाउंडच्या पट्टीवर खुणा असतात अख्ख्या अंशाच्या. अंगठी अशा पायरीवर अडकली असती, तर तुम्हीच मला बोलला असता. टेपर अटॅचमेंट (लांब टेपर काढायचा जोडभाग) सहसा मोठ्या मशीनला असते, माझ्याकडे नाही. सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) करून आणू का, असं मी विचारलं होतं. खर्च ऐकून तुम्ही नको म्हणालात.

म्हणून टेलस्टॉक (बारचं दुसरं टोक पेलणारा मशीनचा भाग) बाजूला सरकवून काम केलं. त्याचा हिशोब असा. व्यासातला फरक १२, टेपरची लांबी ३००, बारची पूर्ण लांबी ४२०. ४२० ला १२ नं गुणायचं आणि ३०० च्या दुपटीनं, म्हणजे ६०० नं भागायचं, उत्तर ८.४ मिलिमीटर. तेवढा टेलस्टॉक माझ्या बाजूला, डायल (बारीक माप दाखवणारं घड्याळ) लावून. इथंच सगळी गोम आहे: या पद्धतीत टेपर बारच्या पूर्ण लांबीवर ठरतो. लांबी बदलली की त्याच ८.४ वर वेगळाच टेपर निघतो.

बार तुमचे होते. दोन्ही तुम्ही दुसरीकडून कापून आणलेत आणि ‘एकसारखे आहेत, ४२०’ असं सांगितलंत. पहिला मी मोजला, ४२० भरला. दुसरा मोजला नाही. शनिवारी तुमच्यासमोरच पट्टी लावली, तो ४०८ निघाला. बारा मिलिमीटर कमी. त्यामुळं त्याचं बारीक टोक १३ ऐवजी १२.६५ झालं. १८ मिलिमीटर व्यासाची अंगठी पहिल्या दांडीवर जाड टोकापासून १७५ वर बसते, दुसऱ्या दांडीवर १७० वर. तुम्ही पाच मिलिमीटरचा फरक लिहिलाय तो हाच. वही काढून पुन्हा आकडेमोड केली, तेवढाच येतो. म्हणजे मशीननं आकड्याबरहुकूम काम केलं, हातही हलला नाही. चुकला तो आकडा.

बारची टोकं सपाट करताना, त्यात आधाराचं भोक पाडताना माझ्या हातात पट्टी होती. तेव्हा दुसराही मोजायला हवा होता. ती चूक माझी. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला. सोनारकाम करणारा माणूस माप चुकीचं सांगणार नाही, असं वाटलं.

आता चार दिवसांचं. तो आठवडा संक्रांतीचा होता, सोलापुरात सिद्धेश्वर यात्रा चालू होती. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी माझा कारागीर येणार नाही आणि शटर बंद राहील, हे काम घेतानाच सांगितलं होतं. त्यात एक दिवस गेला. टेलस्टॉक सरकवल्यावर साधा सेंटर (बार पेलणारं टोकदार टेकण) भोकात तिरपा घासतो, म्हणून गोल टोकाचा, गोळीचा सेंटर बनवला. त्यात अर्धा दिवस. १३ मिलिमीटरचं टोक कटच्या जोरानं वाकतं, म्हणून शेवटचे कट एक-दोन दशांश मिलिमीटरचेच घेतले. काम झाल्यावर टेलस्टॉक पुन्हा मध्यावर आणायला टेस्ट बार लावून डायल फिरवत बसलो. नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाचा सरळ शाफ्टसुद्धा टेपर निघतो. १८०० मध्ये हे सगळं धरलेलं आहे. मला त्यात फार काही उरलं नाही.

माझे वडील पूर्व भागात लूम फिटर होते. मी आयटीआय करून हे लेथ कर्जावर घेतलं, दोन हप्ते अजून बाकी आहेत. यंत्रमागाचं काम पूर्वीसारखं येत नाही, अशा सुट्या जॉबवरच घर चालतं. अक्कलकोट रोडवर लेथ शोधलं की आता तुमचं वाक्य सगळ्यात वर दिसतं. आज सकाळीच एका जुन्या गिऱ्हाइकानं फोनवर विचारलं, ‘काय झालं रे?’ फार वाईट वाटलं.

आता दुरुस्ती. पहिली दांडी दुसरीपेक्षा जाड आहे, तिच्यातून धातू काढता येतो. टेलस्टॉक ८.६५ वर ठेवून ती दुसरीच्या टेपरला आणतो. जोडी जुळेल, फक्त बारीक टोक दोन्हीकडं १२.६५ राहील. ते चालत नसेल तर ४२० चा नवा बार माझ्याकडून घालतो आणि दुसरी दांडी पुन्हा करतो. दोन्हीपैकी काहीही केलं तरी मजुरी घेणार नाही. इथून पुढं येणारा प्रत्येक बार मोजून, गिऱ्हाइकासमोर वहीत लिहूनच मशीनवर चढवायचा, असं कारागिराला सांगितलंय. बाकीही सुधारणा करतो आहोत.

दोन्ही दांड्या घेऊन या, कुठल्याही दिवशी अकरानंतर. स्टार तुम्हाला वाटतील तेवढेच ठेवा. टेपर जुळला नाही, तेही राहू द्या. तेवढं ‘लेथ चालवता येत नाही’ हे वाक्य काढलंत तर उपकार होतील.