छत फ्री आहे, भाऊ

संत्र्याचा व्यापारी बगिच्यात शिरतो तेव्हा झाडाकडे बघत नाही, जमिनीकडे बघतो. खाली पडलेली दोन-चार संत्री चपलेच्या टोकानं उलटी करतो, "गळ लय हाये भाऊ," म्हणतो आणि पुढं चालू लागतो. मग एखादी फांदी वाकवून तिच्यावरच्या शंभर फळांतलं डागाळलेलं एक नेमकं हुडकतो, तोडतो आणि माझ्या हातात देतो. "मंगू." एवढंच बोलतो. कोळ्यानं साल खरवडून तपकिरी केलेलं ते फळ धरून मी उभा असतो, तोवर तो पुढच्या ओळीत पोचून माल कसा बारीक राहिला हे सोबतच्या माणसाला मोठ्यानं सांगत असतो. त्यात आमची संत्री घेणाऱ्या बांगलादेशनं आयात शुल्क वाढवल्यापासून त्याला आणखी एक कारण मिळालंय. शेवटी भाव तोच सांगतो, इसार तोच काढतो, आणि "तुमच्यासाठी म्हणून जास्त देऊन रायलो" असंही तोच म्हणतो.

वरूड-मोर्शीच्या आमच्या पट्ट्याला विदर्भाचं कॅलिफोर्निया म्हणतात. तिकडच्या कॅलिफोर्नियात व्यापारी काय म्हणतो ते मला माहीत नाही, पण इकडच्या व्यापाऱ्याकडून मी इतकी वर्षं फुकटात शिकवणी घेतली होती. ती आता वापरायची होती. मिनी ट्रॅक्टर घ्यायचा आणि व्यापारी माल घेतो तस्साच घ्यायचा, असं मी ठरवलं.

मिनी अशासाठी, की बगिचा साडेचार एकर आणि झाडं 6 बाय 6 मीटरवर. कागदावर हे अंतर भरपूर दिसतं. पंधरा वर्षांच्या झाडाला कागद दाखवता येत नाही. फांद्या मधल्या पट्ट्यात येऊन एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि भाड्याचा मोठा ट्रॅक्टर आत गेला की टोपलंभर फळं पाडून बाहेर येतो. वर त्याचं भाडंही द्यायचं. बैलजोडी होती, अजून आहे, पण तिचंही आता वय झालं. 24 एचपीचा, अंगानं बारका, बुटका, चारही चाकांनी ओढणारा, मागं फवारणीचा ब्लोअर चालवणारा असा ट्रॅक्टर मला हवा होता.

पहिला डीलर स्टँडजवळचा. मी व्यापाऱ्याच्या चालीनं आत शिरलो. ट्रॅक्टरच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, आधी चाकाखाली वाकून बघितलं. मग अवरमीटर पाहिलं. ट्रॅक्टरचं वय किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात हे मला माहीत होतं. मीटरवर अडतीस तास दिसत होते.

"अडतीस तास?" मी 'मंगू' म्हणावं त्या सुरात म्हणालो.

"डेमोचा आहे सर. तुम्हाला पॅकिंगमधला देतो," सेल्समन म्हणाला आणि चहा सांगितला.

माझ्या हातात ते डागी फळ नुसतंच राहिलं.

मग त्यानं कागद घेतला. एक्स-शोरूम 5 लाख 60 हजार. त्यात इन्शुरन्स, पासिंग, हूक, बंपर, टॉपलिंक, 'हँडलिंग' आणि 'इतर' मिळवून 5 लाख 98 हजार. 'हँडलिंग' म्हणजे काय, असं विचारलं तर तो म्हणाला, गाडी ट्रकमधून उतरवायचा खर्च. मी म्हटलं, उतरवू नका, मी ट्रकमधूनच घेतो. तो हसला आणि आकडा तसाच राहिला.

"पण तुम्हाला पडतो चार-त्र्याहत्तरला," तो म्हणाला.

"कसा?"

"सव्वा लाख अनुदान वजा. तुम्ही अल्पभूधारक ना?"

"अर्ज केलाय फक्त. नाव कुठं लागलं?"

"लागेल ना!"

महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या पोर्टलवर, अर्ज करायचा, निवड झाली की कोटेशन आणि कागदपत्रं चढवायची, पूर्वसंमतीची वाट पाहायची, ती आल्यावरच ट्रॅक्टर घ्यायचा आणि मग बिल चढवायचं, असा तो रस्ता. पूर्वसंमतीआधी घेतला की अनुदान विसरायचं. म्हणजे जे सव्वा लाख अजून सरकारनं मला दिलेले नव्हते, ते या पोरानं माझ्या खिशातून काढून स्वतःच्या भावात घातले होते. व्यापारीसुद्धा न लागलेल्या संत्र्याचे पैसे धरत नाही.

मी मग माझा हुकमाचा पत्ता टाकला. "नगदी घेतो. कर्ज नाही."

मृगाच्या बहाराचे उरलेले पैसे आणि आईची मोडलेली एफडी यांच्या बळावर हे वाक्य मी घरून पाठ करून आलो होतो. नगदी म्हटल्यावर समोरचा माणूस खुर्ची पुढं ओढतो, असा माझा समज. पोराचा चेहरा उतरला. कोपऱ्यात फायनान्सवाला बसला होता, त्यानं माझ्याकडे चोरट्याकडे पाहावं तसं पाहिलं. दोन लाख किंवा त्याहून जास्त कॅश घेता येत नाही, आरटीजीएस करावं लागेल, हे त्यानं आधी सांगितलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "सर, लोन केलं तर डिस्काउंट जास्त बसतं. सहा महिन्यांनी हप्ता, बहारावर भरायचा." कर्जाची फाइल झाली की तिच्यात शोरूमलाही काहीतरी सुटतं. नगदी गिऱ्हाईक म्हणजे नुसता ट्रॅक्टर विकत घेऊन जाणारा माणूस, त्याच्यात काय मिळणार?

दुसरा डीलर बायपासवरचा. त्याच्या इथं जाताना मी शिष्टमंडळ नेलं. आमच्याकडे ट्रॅक्टर घ्यायला एकटं जाणं हे मुलगी पाहायला एकटं जाण्याइतकंच अपशकुनी. साळेबुवा आले, कारण त्यांनी मागच्या साली स्वतः घेतला होता आणि मला त्यांच्यापेक्षा स्वस्त मिळू नये याची त्यांना काळजी होती. जवाई आले, कारण त्यांना तालुक्याला काम होतं. आणि चुलत काका आले. काकांचं आयुष्य बैलबाजारात गेलं. दात पाहून बैलाचं वय सांगावं, शेपटी पिळून स्वभाव सांगावा, तर काकांनी.

सेल्समन नवा होता, शर्ट इन केलेला, एमबीए शिकून आलेला. लिफ्टची ताकद, पीटीओचे, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्याचे, 540 फेरे, तेलाची बचत असं सगळं त्यानं न अडखळता म्हणून दाखवलं. काका ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्या पोराचा उजवा हात धरला आणि दुपट्ट्याखाली ओढून घेतला.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली हात घालून बोटं दाबतात. कोणतं बोट, किती बोटं, यावर आकडा ठरतो. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही आणि घेणारा-देणारा एकमेकांच्या डोळ्यांत पाहत उभे असतात. काका पोराच्या डोळ्यांत पाहत होते. पोरगा मॅनेजरच्या केबिनकडे पाहत होता. काकांनी आत काहीतरी दाबलं. पोरानं हात सोडवायचा म्हणून मूठ वळली. काकांनी पुन्हा दाबलं. पोराच्या कपाळावर घाम आला आणि त्यानं पाचही बोटं एकदम ताणली.

काकांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला.

"पाच म्हनते. उचला."

"सर, मी काहीच म्हणालो नाही!"

"तोंडानं नाई म्हनला," काका माझ्याकडे वळून म्हणाले. "पोरगा शिकेल हाये, पन हात खरं बोलते."

पाच लाखांत सौदा झाल्याचं काकांनी जाहीर केल्यामुळे साळेबुवा एकदम अस्वस्थ झाले आणि शोरूमच्या बाजूनं बोलू लागले. मॅनेजर बाहेर आला. त्यानं काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुढचा पाऊण तास आम्हाला सगळं काही फुकट दिलं: हूक फ्री, बंपर फ्री, टूलकिट फ्री, पहिली सर्व्हिस फ्री (ती सगळ्यांनाच फ्री असते), आणि वर छत फ्री. 5 लाख 98 हजारांतले बावीस हजार सोडले ते मात्र दाढ उपटल्यागत सोडले. 5 लाख 76 हजार.

छतावर जवाई खूश झाले. मी म्हटलं, "छत नको."

"फ्री आहे भाऊ."

"माझा संत्र्याचा बगिचा आहे. बुटका ट्रॅक्टर मी फांदीखालून जावा म्हणून घेऊन रायलो. त्याच्यावर छत बसवलं तर मग मोठा काय वाईट होता? छत ठेवा आणि तेवढे पैसे कमी करा."

"छताचे पैसे घेतलेच नाहीत तर कमी कसे करू?"

"मग छताची किंमत काय?"

"चौदा हजार."

"मग चौदा हजार कमी करा."

"फ्री आहे भाऊ ते."

हे संभाषण आम्ही दोन-तीनदा पहिल्यापासून केलं. जवाई मधेच म्हणाले, "राहू द्या ना, उन्हात बसता येईन." मुद्दा आता माझा की त्यांचा हेच मला कळेना.

इसार देऊन मोकळा होणार, तेवढ्यात 2025 च्या 15 ऑगस्टला दिल्लीहून जीएसटी कमी होणार असल्याची घोषणा झाली आणि तालुक्यातल्या तमाम लोकांचे खरेदीचे हात खिशातच राहिले. 3 सप्टेंबरला कौन्सिलनं नक्की केलं: ट्रॅक्टरवरचा कर 12 वरून 5 टक्के, लागू 22 सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून. मी पेन घेऊन बसलो. मूळ किंमत 5 लाख, त्यावर 60 हजारांऐवजी आता 25 हजार. पस्तीस हजार वाचले. काकांचा हात, माझं शिक्षण, साळेबुवांचा अनुभव आणि पाऊण तासाची घासाघीस मिळून बावीस हजार सुटले होते. ज्यांनी हा ट्रॅक्टर कधी पाहिलाही नाही अशा लोकांनी दिल्लीत बसून एका बैठकीत पस्तीस सोडले.

घट बसल्यावर मी आनंदानं शोरूमला गेलो. शहात्तरातून पस्तीस गेले, पाच-एक्केचाळीस.

"पाच-त्रेसष्ट," मॅनेजर म्हणाला.

"बावीस हजार कुठं गेले?"

"ते डिस्काउंट जुन्या रेटवर होतं."

"आणि छत?"

"छत फ्रीच आहे."

दसऱ्याला घ्यायचा हे घरात ठरून गेलं होतं, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. दसऱ्याच्या दिवशी शोरूममधून उठून जायची धमकी कोणीच देत नाही. बाहेर हार, नारळ, पेढ्याचा पुडा घेऊन घरची मंडळी उभी असतात, मूर्तिजापूरवरून बहीण आलेली असते, आणि आत तुम्ही पाच हजारांसाठी अडून बसता तेव्हा काचेतून आई हात जोडते. त्यातही पाच हजार मी काढलेच. 5 लाख 58 हजार. अनुदान गेलं, छत आलं.

खरी घासाघीस ट्रॅक्टर गावात आल्यावर सुरू झाली.

"कितीले पडला?"

आमच्या गावात या प्रश्नाला कुठलंही उत्तर द्या, पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "महाग पडला बावा तुले." पाच-अठ्ठावन्न म्हटलं की प्रत्येकाचा एक भाचा निघायचा. पांढुर्ण्याकडचा, मुलताईकडचा, त्यानं हाच ट्रॅक्टर वीस हजार कमीत घेतलेला. त्या भाच्यांपैकी एकही मला कधी दिसला नाही, पण त्यांची संख्या वाढतच गेली. शेवटी मीही भाव उतरवत नेला. पाच-पन्नास सांगून पाहिलं, तरी महागच. पाच-पंचेचाळीस, तरी भाचा हजर. पाच-पस्तीस म्हटलं तेव्हा पहिल्यांदा समोरचा क्षणभर गप्प झाला. तोच आकडा मी मग कायम केला. साळेबुवांनाही तोच सांगितला. त्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही म्हणतात.

डिसेंबरच्या शेवटी मॅनेजरचा फोन आला.

"भाऊ, तुमच्या धुऱ्याचा शेजारी आलाय इथं. म्हणतो तुम्हाला पाच-पस्तीसला दिला. काय आहे हे?"

शेजारी त्याच्या समोरच बसलेला असणार. खरं बोलावं तर गावात माझं तोंड राहत नाही.

"हो ना," मी म्हटलं. "त्यालाही द्या."

पलीकडे बराच वेळ शांतता. माझी कल्पना अशी, की तो शेजाऱ्याला हाकलून देईल. पण साल संपत होतं. प्लेटवर जुन्या सालाचं मेक असलेला ट्रॅक्टर जानेवारीत गेला की तो एका रात्रीत एक वर्षानं म्हातारा होतो. वरून महिनाअखेरचं टार्गेट, आणि शेजारी कर्जानं घेत होता, म्हणजे फायनान्सवालाही त्याच्याच बाजूनं. संध्याकाळी शेजारी पेढे घेऊन दारात.

"तुमच्याच भावात भेटला भाऊ! पाच-पस्तीस. तुमचं नाव सांगलं अन् गुमान देला."

मी पेढा घेतला.

"फक्त छत नाई देलं त्यानं," तो म्हणाला. "तुमचं तं गोठ्याच्या मांगं पडून हाये नुसतं. माह्या वावरात तूर-पराटी, झाडाचा काई अडथळा नाई. मले देता काय?"

"ने ना. चौदा हजार."

"चौदा?" शेजाऱ्याचा चेहरा पडला. "तुमाले तं फ्री भेटलं होतं. फ्रीच्या वस्तूचे पैसे कायचे घेता भाऊ?"

मी त्याला समजावलं की ते फ्री होतं म्हणूनच त्याचे पैसे कमी झाले नव्हते, आणि कमी झाले नव्हते म्हणजेच ते मी भरलेले आहेत. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पन भेटलं तं फ्रीच ना?"

रात्री साडेनऊपर्यंत बसून सरकीच्या ढेपेच्या दोन पोत्यांवर सौदा पटला. छत तो त्याच्या नव्या ट्रॅक्टरवर बांधून घेऊन गेला, आणि ढेप बैलांनी संक्रांतीच्या आत संपवली.